जॅम, मार्मालेड, साखरांबा: चाखायला कसं शिकायचं, नाशिककरांसाठी अगदी पहिल्यापासून

आपल्याकडे जॅम म्हणजे शाळेच्या डब्यातली जॅम-पोळी आणि साखरांबा म्हणजे आजीकडून आलेली बरणी, आणि या दोघांचं घराणं एकच आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, माझ्याही खूप उशिरा आलं. आता गेली काही वर्षं आम्ही इंदिरानगरला चार-पाच शेजारी दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी बरण्या घेऊन बसतो, प्रत्येकाने दोन आणायच्या असा नियम आहे, आणि नवीन आलेला माणूस पहिल्या वेळी हमखास म्हणतो की अहो, सगळे गोडच लागतायत. बरोबरच आहे त्याचं. साखर सगळ्यांत जवळपास सारखीच असते, मग गोडाकडे लक्ष दिलं की सगळ्या बरण्या एकसारख्याच लागणार. लक्ष द्यायचं ते आंबटाकडे, कडूकडे, वासाकडे आणि दाताखाली काय येतं त्याकडे. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं यासाठीच आहे.

आधी नावं नीट समजून घ्या

जॅम म्हणजे फळाचा गर साखरेबरोबर आटवलेला, त्यात फोडी शोधून सापडत नाहीत. जेली म्हणजे फक्त गाळलेला रस, बरणी उजेडात धरली की आरपार दिसते, आणि जेली म्हणजे काय ते कळायला पेरूच्या जेलीसारखं दुसरं काही नाही. प्रिझर्व म्हणजे फोडी किंवा अख्खं फळ पाकात, म्हणजेच आपला मोरावळा. मार्मालेड म्हणजे संत्रं, लिंबू, पपनस अशा फळांचा, आणि त्यात साल हवीच, ती सालच त्याचा जीव आहे.

साखरांबा, मुरांबा, गुळांबा यांच्याबाबतीत घरोघरी वेगळं चालतं. आमच्याकडे किसाचा तो साखरांबा आणि फोडींचा तो मुरांबा, पण माझ्या जावेच्या माहेरी दोन्हीला मुरांबाच म्हणतात, तर त्यावरून कोणाशी वाद घालू नका. गुळांबा मात्र सगळीकडे गुळाचाच.

मार्मालेड या शब्दाची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. पोर्तुगीज भाषेत मार्मेलो म्हणजे क्विन्स, सफरचंद-नासपतीच्या नात्यातलं एक कडक आणि तुरट फळ, आणि त्याची घट्ट, सुरीने कापायची वडी म्हणजे मार्मेलादा. म्हणजे मूळ मार्मालेडमध्ये संत्रं नव्हतंच! गोव्यात नाताळात पेरूची पेराद करतात ना, ती खाऊन बघा म्हणजे त्या जुन्या वडीची कल्पना येईल. पुढे ब्रिटनमध्ये संत्र्याच्या सालीचं मार्मालेड रुळलं, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात कीलर घराण्याने १७९७ मध्ये त्याचा धंदा सुरू केला, आणि त्यासाठी लागणारी संत्री असतात स्पेनच्या सेव्हिलची, कडू आणि आंबट, नुसती खाता येत नाहीत अशी, ती मुख्यतः जानेवारीत मिळतात.

लेबल वाचा, पण घाबरू नका

एफएसएसएआय, म्हणजे आपल्याकडची सरकारी अन्नसुरक्षा संस्था, तिच्या नियमाप्रमाणे जॅममध्ये कमीत कमी ४५ टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला सूट आहे, तिथे २५ टक्के चालतं. मोरावळ्यासारख्या प्रिझर्वला ५५ टक्के. आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखरच, कमीत कमी ६५ टक्के, म्हणून तर जॅम टिकतो, एवढ्या साखरेत जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. त्यामुळे घटकांच्या यादीत साखर पहिली दिसली तर दचकू नका, ते वजनाच्या क्रमाने लिहितात आणि जॅममध्ये बहुतेक वेळा तीच पहिली असणार.

बघायचं काय, तर फळाचं नाव आणि त्याच्यापुढचा आकडा. मिक्स्ड फ्रूटमध्ये कुठली फळं आहेत, पपई-केळं किती पुढे आहे. आयएनएस म्हणजे वरून घातलेल्या पदार्थांचे ठरलेले क्रमांक, त्यात ४४० म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट जमवणारा फळातलाच पदार्थ, ते सफरचंदाच्या चोथ्यातून किंवा लिंबूवर्गीय सालीतून काढतात, ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, यात वाईट काही नाही. १२२ किंवा १२४ दिसला तर तो वरून घातलेला लाल रंग आहे, फळाचा नाही. वरून फ्लेवर घातलाय असं लिहिलेली एक तरी बरणी पहिल्या बैठकीला मुद्दाम ठेवा असं मी सांगेन, कारण खऱ्या फळाचा वास आणि घातलेला वास यातला फरक शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा कळला की मग विसरत नाही.

पहिल्या वेळी चारच बरण्या

जास्त नको, जीभ थकते. एक घरचा साखरांबा, कोणाचाही चालेल. एक साधा मिक्स्ड फ्रूट, जो लहानपणापासून खाल्लाय तोच. एक स्ट्रॉबेरी, ती पाचगणी-महाबळेश्वरकडची चालेल, मॅप्रोसारखे लोक तिकडे १९५९ पासून फळांचं करतायत, नाहीतर सीझनला सापुताऱ्याच्या रस्त्याने जात असाल तर सुरगाण्याच्या बोरगावजवळ स्ट्रॉबेरी विकायला बसलेले दिसतात, ताजी आणून घरी करा. आणि चौथं संत्र्याचं मार्मालेड, ते कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या मोठ्या दुकानांत मिळून जातं. बचत गटांचं प्रदर्शन लागलं की तिथे एक चक्कर मारायचीच, करवंद, जांभूळ, आवळा असलं काही तिथेच हाताला लागतं, आणि करणारी बाई समोर असते त्यामुळे विचारता येतं की ताई, साखर किती घातली, लिंबू पिळलंय का, कधी केलंय. मोठ्या कंपनीच्या बरणीला हे विचारता येत नाही.

खर्च वाटून घ्या. चार घरांनी एकेक लहान बरणी आणली की झालं.

मांडणी

सकाळची वेळ, चहाच्या आधी. नाशिकमध्ये रविवार सकाळ म्हणजे मिसळ हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मिसळ नंतर खा, आधी तर्री गेली की जिभेला तासभर तरी बारीक आंबटपणा कळत नाही. घरात फोडणी चालू नको, उदबत्ती नको, आणि येणाऱ्यांना सांगून ठेवा की अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका. हे ऐकायला जास्त वाटतं पण जॅमचा निम्मा स्वाद नाकानेच कळतो.

फ्रीजमधल्या बरण्या तासभर आधी बाहेर काढा, थंड जॅमला वासच येत नाही. पांढऱ्या बशा घ्या म्हणजे रंग खरा दिसतो. प्रत्येक बरणीला स्वतःचा कोरडा चमचा, आणि बरणीतून बशीत काढायचं, चाटलेला चमचा परत बरणीत जाणार नाही हे लहान मुलांना आधीच नीट सांगा. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि मिठाशिवायच्या फुलक्याचा तुकडा. तेल लावलेली पोळी नको, तेलाचा थर जिभेवर बसतो.

क्रम हलक्याकडून भारीकडे. द्राक्ष, सफरचंद आधी, मग स्ट्रॉबेरी, मग आंबा, मग करवंद-जांभूळ, मार्मालेड त्यानंतर, आणि वेलदोडा, लवंग, केशर घातलेलं किंवा गुळाचं सगळ्यात शेवटी. साखरांब्यात वेलदोडा भरपूर असेल तर तो मार्मालेडच्याही मागे जाईल, कारण वेलदोडा एकदा तोंडात आला की पुढच्या दोन बरण्या वेलदोड्याच्याच लागतात.

आता चाखायचं कसं

बशी तिरकी करा. जॅम सावकाश सरकला पाहिजे, पाण्यासारखा पळायला नको आणि रबरासारखा एकजीव हलायला पण नको. उजेडात रंग बघा, स्ट्रॉबेरी विटकरी-तपकिरी झाली असेल तर ती जुनी आहे किंवा उन्हात राहिलीय. लालभडक चकचकीत असेल तर लेबल परत वाचा.

मग वास घ्या, तोंड थोडं उघडं ठेवून.

मग पाव चमचा, जास्त नाही. आणि इथे ती युक्ती जी मी प्रत्येक नवीन माणसाला करायला लावते: नाक चिमटीत धरा, जॅम तोंडात घ्या, जिभेने टाळूला दाबा. नुसतं गोड आणि थोडं आंबट एवढंच कळेल, डोळे मिटले असतील तर फळ ओळखू येणार नाही. आता नाक सोडा. एकदम फळ येतं! तोंडातला वास मागच्या बाजूने नाकात चढतो म्हणून असं होतं, आणि तो क्षण पहिल्यांदा अनुभवणाऱ्या माणसाचा चेहरा बघायला मला दर वेळी तेवढाच आनंद होतो. आमच्याकडे एक काका आले होते, सत्तरीचे, आयुष्यभर जॅम हा मुलांचा प्रकार म्हणणारे, त्यांनी जांभळाच्या जॅमवर चार वेळा नाक धरून सोडलं.

गिळल्यावर लगेच बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. आंबट आधी येतं आणि लवकर जातं, कडू आणि तुरट मागून येतं आणि रेंगाळतं. करवंदाचा तुरटपणा सहा-सातच्या पुढे सापडतो. मिक्स्ड फ्रूट तीनलाच संपतो, तोंडात नुसती साखर उरते. हे मोजणं सोपं आहे आणि खूप काही सांगतं.

वहीत लिहा, दोन शब्द पुरे. आपल्या भाषेत यासाठी इतके शब्द आहेत की बाहेरून आणायची गरजच नाही: आंबट, आंबूस, तुरट, कच्चट, करपट, उग्र, रवाळ, चिवट. करपट लागलं म्हणजे जास्त आटवलंय, साखर जळायला लागली होती. रवाळ म्हणजे साखर बसलीय, पाकात आंबटपणा कमी पडला असेल किंवा पाक फार पुढे गेला असेल. वर पाणी सुटलं असेल तर जेल तुटलीय, ते बिघडलेलं असतंच असं नाही. आंबूस वास आणि बारीक बुडबुडे मात्र आंबल्याचे, ती बरणी चाखायचीच नाही.

आणि नेहमी दोन-दोन शेजारी ठेवून चाखा. एकच चाखला की फक्त आवडला-नाही आवडला एवढंच निघतं. दोन घेतले की हा जास्त आंबट, त्याचा वास खोल, याची फोड मऊ, असं आपोआप तोंडातून यायला लागतं. आमची सगळ्यात चांगली जोडी ठरली एकाच झाडाच्या कैरीचा साखरांबा आणि गुळांबा, फळ तेच, तिखा कैरीपणा एकात पुढे येतो आणि दुसऱ्यात गूळ त्याला पांघरूण घालतो.

मार्मालेडवर जरा थांबा

बहुतेक नवीन लोक इथेच तोंड वाकडं करतात. कडू का आहे, खराब झालंय का, असं विचारतात. मला पण पहिल्या वेळी नव्हतं आवडलं. पण मला एक सांगा, तुम्हाला उपासाचं लिंबाचं गोड लोणचं आवडतं का, ते चांगलं मुरलेलं, साल मऊ झालेली, किंचित कडवट? ज्याला ते आवडतं त्याला मार्मालेड आवडतंच, हे मी आता खात्रीने सांगू शकते, कारण कडवटपणा त्याच जागेवरून येतो, सालीतून. तर आधी त्या लोणच्याची एक फोड खा, पाणी प्या आणि मग मार्मालेड घ्या. आणि एकाच दिवशी निकाल लावू नका, तीन वेगवेगळ्या सकाळी तीन वेळा द्या, एकदा नुसतं, एकदा टोस्टवर लोण्याबरोबर, एकदा भाकरीबरोबर. लोणी कडवटपणाला मऊ करतं.

साल कशी कापलीय ते बघा, बारीक धाग्यासारखी असेल तर कडू पसरलेलं लागतं, जाड तुकडे असतील तर गोड जेली आणि मध्येच कडू चावा असं येतं. साल दाताने सहज तुटली पाहिजे. चिवट असेल तर करणाऱ्याने घाई केलीय, कारण साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही, ती आधीच पाण्यात पूर्ण शिजवावी लागते. आपल्याकडे कैरीच्या फोडी आधी वाफवून मग पाकात सोडतात, आवळा टोचून आधी उकडतात, त्यामागे हेच आहे. आपल्या आज्यांना आणि डंडीच्या बायकांना एकच गोष्ट आपापल्या स्वयंपाकघरात सापडली होती.

नागपुरी संत्र्याचं मार्मालेड सेव्हिलसारखं होत नाही, साल पातळ आणि सैल, फळ गोड, कडूपणा कमी, ते जास्त मवाळ होतं. नवीन माणसाला ते आधी द्यावं. पपनसाचं मिळालं तर सोडू नका, त्याची पांढरी जाड साल पाकात काचेसारखी होते.

एकदा तरी स्वतः करा

चाखायला शिकायचं तर एकदा आटवून बघितलंच पाहिजे, फक्त अर्धा किलो फळाचं. पेरू घ्या, पेक्टिन भरपूर, हमखास जमतं. द्राक्षाने सुरुवात करू नका, आपल्या गावची असली तरी, कारण थॉम्पसनसारखं हिरवं द्राक्ष गोड आणि फिकं, त्यात आंबट कमी, जमायला लिंबू घालावं लागतं, आणि सीझन संपताना घेतलेल्या पिवळ्या पडलेल्या घडांचा जॅम तर नुसता गोड होतो. फेब्रुवारीतली थोडी आंबट द्राक्षं जास्त चांगली. काळ्या द्राक्षाला सालीचा तुरटपणा असतो म्हणून मला त्याचा जॅम जास्त आवडतो.

परदेशी रेसिपीत जॅम १०५ अंशांवर उतरवा असं लिहितात. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचावर, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, आणि जॅम उकळत्या पाण्याच्या चार-पाच अंश वर जमतो, म्हणजे आपल्याकडे १०२-१०३ ला गॅस बंद. मी आधी १०५ पर्यंत वाट बघत बसायचे आणि प्रत्येक वेळी करपट व्हायचं, कारण कळायला दोन सीझन गेले. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या थंड बशीवर एक थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला, वर सुरकुती पडली की झाला.

सीताफळाचा जॅम करायचा मोह होतो, करू नका, गर तापवला की कडवट होतो.

कशाबरोबर खायचं

ब्रेड सोडून बघा. दुधातल्या दशमीबरोबर गुळांबा, हा माझ्या मते सगळ्यात वरचा. ज्वारीच्या भाकरीवर लोणी आणि मार्मालेड. टांगलेल्या चक्क्यावर स्ट्रॉबेरी, साखर वेगळी घालायची नाही. बेकरीची खारी आणि करवंदाचा जॅम, खारट-खुसखुशीत आणि तुरट. मोरावळा मात्र सकाळी नुसता, बशीत एक आवळा. चीज मिळालं तर काळ्या द्राक्षाच्या जॅमबरोबर, पण ते नंतर, आधी नुसते चाखून झाल्यावर.

साखरेचं प्रमाण लक्षात ठेवा, आठ वेळा पाव-पाव चमचा म्हणजे दोन चमचे जॅम, त्यात साधारण दहा ग्रॅम साखर गेली. डायबेटिस असलेल्यांना जबरदस्ती करू नका, वास घेऊन पण गप्पांत भाग घेता येतो.

बरण्या सांभाळा

माझ्या मावशीने दिलेला एक साखरांबा माझ्याच घरात ओल्या चमच्याने गेला, वर पांढरी बुरशी, आणि त्या वर्षी तिच्या झाडाला कैऱ्याच कमी आल्या होत्या त्यामुळे दुसरा मिळाला नाही, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून बरणीवर चिठ्ठी आहे, कोरडा चमचा. बुरशी वरून काढून खाली खाऊ नका, सगळंच टाका. कमी साखरेचे स्प्रेड उघडल्यावर फ्रीजमध्येच. चिनीमातीच्या बरणीला दादरा बांधायचा, काचेची असेल तर उजेडापासून लांब, अंधाऱ्या फडताळात.

पुढच्या बैठका सीझनप्रमाणे लावा. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी आणि पेरू, आवळाही याच थंडीत. फेब्रुवारी-मार्चला द्राक्ष, महाशिवरात्रीच्या आसपास कवठ, त्याची जेली इतकी छान जमते आणि वास इतका वेगळा की नाक धरायची युक्ती तिच्यावर करून बघाच. मग कैरी. मे महिन्यात त्र्यंबकच्या रस्त्याला बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, दोन-तीन द्रोण जास्तीचे घ्या, पिकली काळी आणि थोडी लालसर कच्ची अशी मिसळून घ्या, कच्च्यातल्या पेक्टिनमुळे जॅम जमतो. धुऊन, शिजवून, बिया चाळणीत अडकवून गर काढायचा, आणि बरणीवर तारीख लिहून ठेवायची, म्हणजे जूनमध्ये जांभूळ आलं की दोन्ही शेजारी-शेजारी मांडता येतात.